विरजण

“याला दही म्हणतात? हे दही आहे?” माझी धाकटी बहीण नंदा सकाळी सकाळी नवऱ्यावर ओरडत होती. मी पातेल्यात डोकावले. दही असं घट्ट लागलं होतं की वर पाट मांडून पंगत बसवावी. मेहुणे बिचारे चहाचा कप घेऊन गॅलरीत सटकले.

हीच नंदा पूर्वी हसली की खालच्या वाण्याचा तराजू हलायचा आणि गिऱ्हाइकाला मूठभर साखर जास्त मिळायची. पाळणा लांबवायची गोळी सुरू केली आणि महिन्याभरात ते हसू गेलं. आता ओरडते, नाहीतर भिंतीकडे बघत बसते. तीच गोळी मी वर्षानुवर्षं घेतली, पण माझ्या बडबडीत तसूभर फरक पडला नाही. तिच्या सासूबाई म्हणतात, नखरे. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळीमुळे असेल, नसेलही.

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण पडतं. नेमकं कधी बदललास रे बाबा, असं सकाळी विचारलं तर ते दूध काय सांगणार? तेच विरजण एका घरी गोड लागतं, दुसऱ्या घरी आंबट. आणि दह्याचं परत दूध झाल्याचं माझ्या थापांतसुद्धा कधी आलेलं नाही.

नंदा आता डोळ्यांतलं पाणी दह्यात पडू नये म्हणून पातेलं लांब धरून उभी होती.

“गोळी बंद करून बघ,” मी म्हटलं. “डॉक्टरीणबाई दुसरा काही उपाय सांगतील.”

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

“आणि बंद करूनही मी अशीच राहिले तर?”