धुळ्याच्या खाणीतले तीन पांढरे दगड

भूगर्भशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा पांढऱ्या दगडांपायी. कॅल्साइट कुठला नि क्वार्ट्झ कुठला, ऐनवेळी मुसळ केरात! बरोबरची मुलं पास होऊन पांगली होती. तिसऱ्यांदा गचकलो तर शिक्षण बंद, असं घरून पत्र आलं. म्हणून एकोणनव्वद साली, परीक्षेच्या आठवडाभर आधी, जळगावात मेहरूणच्या खोलीला कुलूप लावून एकटाच धुळ्याच्या एसटीत बसलो.

जाणार असाल तर पारोळा सुटलं की खिडकी धरा. शेतांमधून सरळ रेषेत काळ्या टेकड्या धावतात. जमिनीच्या भेगेत लाव्हा शिरला, तिथेच थिजला. भोवतीचा दगड झिजून ही भिंत उरली. तिला डाइक म्हणतात. पुस्तकात चारदा वाचलेलं समोर होतं आणि दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं.

धुळ्यात स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. जपून खा, नाकातून पाणी काढते. सकाळी गावाबाहेरच्या खाणीवर चालत गेलो. दगड फोडणारे एक म्हातारे भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

"एकलाच उना का भाऊ?"

"हो आबा. दगड ओळखायला शिकायचंय."

खडकाच्या पोकळीतला चमकता खडा उचलून मी ऐटीत म्हणालो, "क्वार्ट्झ!"

आबांनी त्यावर विळ्याने रेघ ओढली, भाकरीबरोबरचं लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले.

"फेस उना तं कच्चा शे. व्यापारी लेत नही."

म्हणजे कॅल्साइट. त्याच पोकळीतल्या दुसऱ्या खड्यावर रेघ उठली, फेस नाही: पेंढीसारखा बांधलेला स्टिल्बाइट. तिसऱ्यावरून विळा नुसता घसरला. तो क्वार्ट्झ. थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत मागाहून गरम पाणी झिरपलं, एकेक खनिज बसत गेलं. एकाच भोकात तीन दगड का, ते तेव्हा कळलं.

"आते बठ्ठा तूच सांग," म्हणत आबांनी दुपारभर सगळे दगड माझ्याकडून ओळखून घेतले. भाकरी-ठेचाही दिला. कित्येक महिन्यांत मी कुणासोबत जेवलो नव्हतो.

परीक्षेत सगळे दगड बरोबर आले. पास झालो. खोलीवर येऊन पहिलं पोस्टकार्ड आबांनाच लिहिलं, भरभरून, कडेपर्यंत. मग पत्ता लिहायला घेतला. दिवसभर आबा आबा केलं, पण त्यांचं नाव काही विचारलं नव्हतं.

ते कार्ड अजून माझ्याकडेच आहे.