विळा घेऊन कुरुळीला

कार्तिक लागला होता आणि आमच्या वरकशीवरचं (डोंगरउताराची, नांगर न चालणारी जमीन) गवत कंबरेला आलं होतं, तेव्हा मी घर सोडून निघाले. कापणीच्या दिवसांत गाव सोडणारी बाई वेडी असते, नाहीतर तिला कोर्टाचं बोलावणं आलेलं असतं. माझं दोन्ही नव्हतं.

माझा मुलगा दत्तू चिंचवडला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं सांगितलं, वरकशीवर आता गवत नको, सगळी नीलगिरी लावू. वनीकरणाचे साहेब पुढच्या शुक्रवारी कागद घेऊन येणार, रोपं तेच देणार, उन्हाळ्यात खड्डे घ्यायचे, पावसात लावायची आणि सात-आठ वर्षांनी कापून विकायची. जमीन माझ्या नावावर आहे. सही मला करायची होती.

"आधी बघून येते," मी म्हटलं.

"त्यात काय बघायचं, आई? झाड हाय ते."

"व्हय. पण जिथं लावलं तिथं काय झालं, ते बघते."

"बरं, बघ. आणि तो विळा आता टाक माळ्यावर."

आमच्याकडे कामातला विळा वळचणीला खोचलेला असतो. माळ्यावर जातो तो मेलेल्या माणसाचा, नाहीतर मोडलेला. मी वळचणीचा विळा काढला, फडक्यात गुंडाळला, कनवटीला पानांची चंची लावली आणि दत्तू बुधवारी येईन म्हणाला होता, तरी त्याची वाट न बघता सोमवारीच एस.टी. धरली.

विळा का, ते सांगते. आमच्याकडे गवताची जमीन एकरात सांगत नाहीत, भाऱ्यात सांगतात. भारा म्हणजे बाईच्या डोक्यावर तोलेल एवढं बांधलेलं गवत. आणि भाऱ्याचा वेळ आम्ही पानावर धरतो. दोन विडे चघळून होईपर्यंत एक भारा कापून झाला, तर रान चांगलं. तीन विडे लागले, तर बरं. त्यापुढे लागले, तर बाई आळशी किंवा रान आळशी. हे मला सासूनं शिकवलं. तिला घड्याळ कळत नव्हतं आणि कधी गरजही पडली नाही.

कंडक्टरनं फडक्यातून निघालेली विळ्याची मूठ पाहिली.

"आजी, कुणाला कापायला निघालात?"

"गवताला. कुरुळीच्या."

"कुरुळीत गवत कापायला एवढ्या लांबून?"

"आहे का न्हाई, तेच बघायला."

त्यानं तिकीट फाडलं आणि विळा सीटखाली ठेवायला लावला.

खेडला गाडी बदलली. चाकण आलं हे डोळे मिटूनही कळलं, कारण कांदा. थांब्यावर पोत्यांची रास, पोत्यांवर माणसं. एक पोतं माझ्या पायावर आलं आणि पोत्याचा धनी "पाय जरा घ्या" म्हणाला. मी चहा घेतला. त्यालाही कांद्याचा वास होता.

कुरुळी माझं माहेर. थोरला भाऊ गेला. त्याचा मुलगा रघू आता घर बघतो. त्यानं नीलगिरी लावली त्याला पाच वर्षं झाली. मी रस्त्यावर उतरले आणि घराआधी झाडं दिसली. सरळ, पांढऱ्या खोडाची, एका उंचीची, मांडवाचे खांब रोवल्यासारखी. पहिल्या तीन ओळी मात्र आडव्या पडलेल्या.

"वादळात गेल्या का रे?" मी रघूला विचारलं.

"वारं सुटलं होतं, पण तेवढं न्हाई." रघू म्हणाला. त्याची बायको यमुना पदरात हसली.

"सांगा की आत्याला," ती म्हणाली.

रघूनं सांगितलं. रोपं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आली होती. पिशवीवर शिक्का होता. पहिल्या तीन ओळी त्यानं पिशवीसकट लावल्या. सरकारी वस्तू फाडली आणि उद्या कुणी परत मागितली तर काय दाखवायचं? मग साहेब आले, त्यांनी कपाळावर हात मारला, बाकीच्या पिशव्या फाडून लावल्या. पिशवीसकट लावलेली झाडं चार वर्षं वाढली, पाचव्या वर्षी आडवी झाली. मी एक उपटलेलं मूळ बघितलं. ते आतल्या आत गोल फिरून पिशवीच्या आकाराचं झालं होतं. पिशवी शाबूत होती. शिक्कासुद्धा वाचता येत होता.

"मागितली का कुणी परत?"

"अजून न्हाई," रघू म्हणाला.

मी विळा सोडला आणि वरच्या अंगाला सुरुवात केली. दोन विडे चघळले. हाताला जे आलं, त्यात केरसुणीही झाली नसती. रघू बांधावर बसून बघत होता.

"आत्या, तू खोटं करतीस. हितं आधी तरी कुठं गवत होतं?"

मी उभी राहिले. पोरगं खरं बोलत होतं. तो वरचा माळ मी परकर नेसायची तेव्हापासून ओळखते. निव्वळ मुरूम. गावाच्या शेळ्यांनी तिथे दगडसुद्धा चाटून ठेवले होते. आता तिथे निदान झाडं उभी होती, सावली म्हणावी अशी काही होती आणि खाली पडलेला पाला यमुना चुलीला नेत होती. शेळी नीलगिरीला तोंड लावत नाही, म्हणून कुंपण नाही, राखण नाही. माझी परीक्षा चुकीच्या जागी झाली होती.

"मग खालच्या पट्टीत चल," मी म्हटलं.

ओढ्याकाठची खालची पट्टी वेगळी. लग्नाआधी मी तिथे मारवेल (गुरांचं आवडतं मऊ गवत) कापलंय. दीड विड्यात भारा. रघूनं तीही सोडली नव्हती, शेवटच्या ओळी ओढ्यापर्यंत नेल्या होत्या. तिथे मी पुन्हा दोन विडे चघळले. मूठभर कुसळ मिळालं. मारवेलीचा एक बुडखा सापडला, तो मी कापला नाही.

ओढा कोरडा होता. कार्तिकात. आमच्या लहानपणी माघापर्यंत त्यात लुगडी धुवायचो.

"यंदा पाऊस कमी," रघू म्हणाला.

पाऊस कमी होता हे खरं. आमच्याकडेही कमीच होता. आमच्या वरकशीखालचा झरा मात्र मी निघाले तेव्हा वाहत होता. त्यावर वाडीतली अकरा घरं चैत्रापर्यंत निभावतात. हे मी रघूला सांगितलं नाही. यमुना हंडा घेऊन उठली आणि विहिरीकडे, म्हणजे आता लांबच्या विहिरीकडे, गेली.

संध्याकाळी तिनं बाजरीची भाकरी आणि पिठलं केलं. चुलीत नीलगिरीचा पाला होता. पिठलं उत्तम होतं, पण प्रत्येक घासाला छातीला बाम चोळल्यासारखं वाटत होतं.

"सर्दी होत न्हाई आमच्यात कुणाला," यमुना म्हणाली. तेवढा गुण तिनं प्रामाणिकपणे सांगितला.

आणखी एक दिवस राहून बुधवारी मी भाजीच्या टेम्पोतून चिंचवडला गेले. दत्तूच्या कंपनीच्या फाटकावर वॉचमननं मला अडवलं.

"आजी, हत्यार आत न्हाई न्यायचं."

"मला आत यायचंच न्हाई. मुलगा सुटंल तवर हितं बसते."

"बसा, पण हत्यार जमा करा."

त्यानं विळा घेतला आणि मला पितळेचा बिल्ला दिला. दोन वाजता पहिली शिफ्ट सुटली. शेकडो माणसं बाहेर आली, त्यांत माझा मुलगा आईचा विळा सोडवायला रांगेत उभा राहिला. त्याचे सोबती विचारत होते, "काय राव, कापणीला चालला का?" तो मला खोलीवर घेऊन गेला.

सून दिवाळीला माहेरी गेलेली. खोलीत एक खाट होती. यंत्रं ज्या खोक्यांतून कंपनीत येतात, ती खोकी मोडून कामगार लाकूड घरी नेतात. त्याच फळ्यांची ती खाट. तिच्यावर एक बाण, एक छत्री आणि एक फुटका पेला छापलेला होता. बाण वरची बाजू दाखवतो, असं दत्तू म्हणाला. मी बाणाकडे डोकं करून झोपले.

"बघितलंस ना, लाकूड किती लागतं हितं?" तो सकाळी म्हणाला. गुरुवार होता, त्याच्या कंपनीचा सुट्टीचा दिवस. "आज तुला अजून दावतो."

त्यानं मला तळवड्याच्या वाटेवर इस्माईलभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. इस्माईलभाई कंपन्यांसाठी लाकडी खोकी बनवतात. दाढीत भुसा, कानावर पेन्सिल. दत्तूचा बेत असा होता, की त्यांनी आईला नीलगिरीचं गिऱ्हाईक किती आहे ते सांगावं. त्यानं तसं विचारलंही.

"नीलगिरी?" इस्माईलभाई म्हणाले. "वासे चालतात. बांधकामाला, टेकूला. खूप खपतात. मेरे को मत देना. फळी काढली, खिळा मारला, दुसऱ्या दिवशी ती अशी फिरते की पेटी आपली आपण उघडते. आतला माल बाहेर बघतो, बाहेरचा साहेब मला बघतो."

इस्माईलभाई माझ्याकडे वळले.

"अम्मा, आंबा आहे का तुमच्याकडे? जुना, जाड बुंध्याचा? आंबा असेल तर आजच बोला."

मी शेडमध्ये बघितलं. भिंतीला फळ्या टेकून ठेवलेल्या, पिवळसर, मधे काळी रेघ. सगळा आंबाच होता. आंबा मला सालीवाचूनही कळतो.

"हायेत चार," मी म्हटलं. "फळं देतात."

"फळ वर्षातून एकदा."

"आन् पेटी?"

इस्माईलभाई हसले. "पेटी एकदाच, अम्मा. बरोबर आहे." त्यांनी आम्हाला चहा पाजला. वाईट माणूस नाही. त्यांना लाकूड लागतं, ते त्यांनी सरळ विचारलं.

परतीच्या गाडीत दत्तू माझ्यासोबत आला. शुक्रवारी कागद होता, म्हणून त्यानं एक दिवसाची रजा टाकली होती. मोशीला त्यानं खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "आई, तू सगळीकडं खोड काढलीस. एक सांग. गवत कापायचं कुणी? मी हितं. बायको म्हणती, भारा डोक्यावर घेणार न्हाई. तुझे गुडघे गेले. तुझ्या मागं त्या वरकशीत पाऊल कोण ठेवणार?"

चाकण आलं. कांद्याची पोती चढली, उतरली. नीलगिरीला राखण लागत नाही, पाणी घालायला कुणी लागत नाही, वर्षावर्ष कुणी फिरकलं नाही तरी ती उभी असते. ते झाड आमच्या पोरांच्या मापाचं आहे. पोरं शिफ्टला गेली, गावात म्हातारी उरली, म्हणून हे झाड आलं. याचा राग झाडावर काढण्यात अर्थ नाही, हे मला त्या गाडीत कळलं. पण वाडीनं पाणी कुठून प्यायचं, हेही त्या झाडाला विचारून उपयोग नव्हता.

"तुझ्याकडं उत्तर न्हाई," दत्तू म्हणाला.

"न्हाई," मी म्हटलं.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी कागद पुढे केला आणि शाईचं पॅड उघडलं. मी चौथी शिकलेय. पेन मागितला. आधी त्यांना सगळी जमीन फिरवून दाखवली. रस्त्याकडचा मुरमाचा तुकडा, जिथे कुसळही उगवत नाही, तिथे लावा म्हटलं. वरकशी नाही, झऱ्याच्या अंगाला तर एकही नाही.

"आजी, चांगल्या जमिनीत झाड जोमानं येतं," साहेब म्हणाले.

"म्हणूनच न्हाई. आन् पिशव्या आधी फाडायच्या का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कुरुळीला जाऊन आलात का?"

"माहेर हाय माझं."

त्यांनी कागदावर तुकड्याचं नाव बदललं. मी सही केली. दत्तू भिंतीला टेकून उभा होता. त्याला वाटलं होतं तसं झालं नव्हतं आणि मला हवं होतं तेही पुरतं झालं नव्हतं, कारण गवत अजून उभंच होतं आणि माझे गुडघे तेच होते.

साहेब गेल्यावर दत्तूनं विळा उचलला. मी चंची सोडून बसले. भारा कापायला त्याला पाच विडे लागले. बांधला तोही असा, की वाटेत सुटला. वाटभर गवत सांडत आला आणि मागून आमची म्हैस ते खात आली. दारात पोचला तेव्हा डोक्यावर निम्मा भारा होता.

मी भारा उतरवून घेतला. बोलले असते तर तो परत आला नसता.

कुरुळीला जाऊन मी काय पाहिलं असं बायका विचारतात, म्हणून हे लिहिलं. झाडं पाहिली. काही बऱ्या जागी होती, काही नको तिथे. झाडाला जागा निवडता येत नाही, ते माणसाचं काम आहे, आणि त्यासाठी माणूस जागेवर लागतो. एवढं कळायला चार दिवस आणि एक चंची पानं लागली.

दत्तूनं हातपाय धुतले. सहाची गाडी धरायची होती. पुढच्या गुरुवारी येशील का, असं मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. निघताना विळा त्याच्या हातात होता. तो एकदा आत माळ्याकडे बघून आला. मग बाहेर येऊन त्यानं पातं गवतानं पुसलं, विळा वळचणीला खोचला आणि गाडी गाठायला पळाला.