वेल्समधलं अस्वल

"अस्वल! मागे व्हा बे सगळे!" तो असा ओरडला की अख्खं वेल्स दचकलं.

इंग्लंडातल्या स्लाऊ गावात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा हा नागपूरकर दर शुक्रवारी चहासोबत गप्पांत एक अस्वल मारायचा. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिघांनी चिडवत त्याला डोंगरात शिकारीला आणलं होतं.

दलदलीतलं काळं धूड हललं, आणि आम्ही तीन ढांगांत गाडीमागे. तो मात्र पुढे गेला. गळ्यापर्यंत रुतलेली काळी मेंढी होती ती. हातात उगारलेली तंबूची काठी फेकून तो चिखलात आडवा झाला आणि "चल वं माय" म्हणत तिला ओढत राहिला. शेवटी ती सुटली, अंग झटकून चरायला लागली.

"खरंच अस्वल असतं तर?" मी विचारलं.

मोजे पिळत तो म्हणाला, "मग तुम्हालाही ओढायला बोलावलं असतं."