जास्तीच्या दहा गोण्या

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, आणि फिजिक्समधलं पहिलं जे घरी सांगितलं तेच चुकलं. पूर्ण चुकीचं नव्हतं कदाचित, अर्धवट होतं.

चांदवडजवळच्या आमच्या गावातून काका पिकअपने पंचवटीच्या बाजारात कांदा नेतात. दर सोमवारी मी त्याच गाडीने कॉलेजला जायचे. एकदा मी ऐटीत काकांना म्हणाले, ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरावर थांबते त्या सूत्रात वस्तुमान कटून जातं. रिकामी काय, भरलेली काय, अंतर सारखंच.

पुढच्या सोमवारी तीसच्या जागी चाळीस गोण्या. "तूच म्हणालीस ना," काका म्हणाले.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, भरलेली गाडी धरण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये असेल तरच ते खरं. उतारावर वजनाची सगळी ऊर्जा ब्रेक तापवते, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचं अंतर चौपट. गावातून हायवेपर्यंत सलग उतार आहे, आणि डिझेल वाचवायला काका तो न्यूट्रलवर उतरतात, म्हणजे इंजिन गाडी रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर.

त्यानंतरच्या सोमवारी मी अंगणातच म्हणाले, "काका, माझं चुकलं होतं. दहा गोण्या उतरवा."

"तवा एक, आज एक. कॉलेज हाय का हवामान खातं?"

"निदान गिअरमध्ये तरी उतरा."

"वीस वर्सं गाडी चालवतोय मी. आता तू गिअर शिकवती? लय शेफारली."

आई दारातून ओरडली, "गप बस गाडीत! प्रॅक्टिकल हाय ना तुझं?"

होतं. "गोण्या उतरवल्याशिवाय मी बसणार नाही," मी म्हणाले.

"नको बसू." काकांनी आणखी एक गोणी उचलून माझ्या सीटवर आदळली आणि गाडी काढली. उतार लागला तसा इंजिनाचा आवाज एकदम पडला. न्यूट्रल.

दोन तास मी फोन हातात धरून बसले. आई माझ्याशी बोलत नव्हती. मग पंचवटीच्या बाजारातून काकांचा फोन आला.

"पोचलो. जिता हाय. सांग तुझ्या सरांना."

मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. आता चाळीसच्या खाली ते कधीच येणार नव्हते.

"काका, उतारावर ब्रेक जळल्याचा वास येत होता का?"

ते जरा थांबले. "नाय," म्हणाले, आणि फोन कापला.