सॅम्पलमधली गिरणी

आठवणींचा आता मला भरवसा वाटत नाही. कोणतं वाक्य कोण म्हणालं, यात माझी गफलत होत असेल. पण पुंडलिकनगरातल्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात किस्से इतके साचले, की एखाद्याचा धनी बदलला तरी बिघडत नाही.

मी तिथं एक फ्रेमवर्क बांधत होतो. म्हणजे तयार सांगाडा: नोंदणी, पावती, मेसेज एकदाच लिहायचे, पुढच्या प्रत्येकानं त्यात फक्त आपापले क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, बसवायचे. माझी पीएचडी याच 'रियुज'मधली, म्हणजे एकदा लिहिलेलं पुन्हा वापरण्यातली. साहेबांनी बजावलं होतं, "डॉक्टर, तुम्हाला न विचारता कोणी हे वापरून दाखवलं तर ठीक. नाहीतर गुंडाळा!"

*

मी जाडजूड मॅन्युअल लिहिलं. तरी फुलंब्रीहून रोज येणाऱ्या वर्षाताई प्रत्येक अडचणीला मलाच फोन करायच्या.

"मॅन्युअल आहे ना?"

"हाय की सर! पण त्यात शोधाया लई वेळ जातो. तुम्ही लगेच उघडता!"

*

एखाद्याची गरज राहून जाईल, ही मला सतत धास्ती. म्हणून प्रत्येक क्लासला पर्याय जोडत गेलो. दोन दिवस झटापट करून शेजारच्या टेबलावरच्या शकीलभाईंनी हात टेकले.

"सर, इसमें सब कुछ हो सकता. बस, होताच कुछ नहीं!"

*

फ्रेमवर्कची परीक्षा म्हणून मी आठवडाभर रजा घेतली. एकही फोन नाही! परतलो तर सर्व्हरवर फ्रेमवर्कच्या शेजारी त्याची अख्खी नक्कल, आत हवी तशी चिरफाड केलेली.

"हे काय, वर्षाताई?"

"रियुज, सर!"

*

शेवटी शकीलभाई म्हणाले, "समझाओ नक्को सर, करके दिखाओ."

मग मी सॅम्पल लिहिलं, म्हणजे चालता नमुना. ऑफिससमोर पिठाची गिरणी होती, तीच घेतली. डबा आला, नंबर दिला, दळून झालं की गिऱ्हाइकाला मेसेज. बिडकीनच्या एका टीमला ते पाठवलं. त्यांनी मला एकदाही न विचारता आपल्या गिऱ्हाइकाचं काम उभं केलं! साहेबांनी पेढे वाटले. मला मात्र घोर: यांनी फ्रेमवर्क समजून घेतलं, की नुसतं सॅम्पल उचललं?

"पूछो नक्को, सर," शकीलभाई म्हणाले. "पेढा खाओ."

*

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी खात्री झाली. सकाळी रक्त तपासायला दिलं होतं. दुपारी मोबाईलवर मेसेज: "आपलं दळण तयार आहे. डबा घेऊन जावा."

लॅबमध्ये गेलो. पावतीच्या तळाशी बिडकीनच्या त्याच टीमचं नाव! मी मोबाईल पुढं केला.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कोणतं दळण, आजोबा? उपाशीपोटीचं, का जेवणानंतरचं?"