आत्याचा चष्मा आणि हवेत राहिलेलं कुंकू

पलूसला जायचं ठरलं ते आत्याच्या चष्म्यापायी. सत्तरच्या दशकातला चैत्र. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन साताऱ्यात पोरांना प्रकाशाचे नियम शिकवत होते. मोतीबिंदू काढल्यावर आत्याला बाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळाला आणि तिनं तो ट्रंकेत टाकला. महिन्यावर तिच्या लेकीचं, मंगलचं लग्न, आणि हिचा निरोप आला, "मंगलची ओटी जाऊबाई भरंल. मी न्हाई कुणाला कुंकू लावायची." बाबा मला म्हणाले, "शिकलीस ना एवढं? जा, समजव."

सकाळची एसटी धरलीत तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन डावीकडून येतं. कराडला गाडी बदलायची. तेवढ्यात स्टँडवर गरम भजी आणि चहा होतो. पुढं दोन्ही बाजूंना ऊस. ऊन तापलं तसं डांबरावर लांब पाणी चमकायला लागलं. तापलेल्या हवेत उजेड वाकतो आणि आभाळच रस्त्यावर दिसतं, असं मी शेजारच्या आजोबांना ऐकवलं. "व्हय, पर तहान खरी लागती की," म्हणत त्यांनी माझा फिरकीचा तांब्या मागून घेतला.

जेवणं झाल्यावर आत्या बोलती झाली. "हळदीकुंकवात चष्म्यातनं समद्यांची कपाळं जवळ आल्यागत दिसत व्हती. बोट टेकवलं तर तितं कपाळच न्हाई. कुंकू पडलं पन्ह्यात. बाया लय हसल्या गं." हसू मलाही येत होतं, पण तिचा चेहरा बघून गिळलं. वाईट वाटलं फार.

मग मी पाण्याच्या बादलीत काठी तिरकी धरली. "मोडली का गं?"

"न्हाई, तशी दिसती."

"पाण्यात उजेड वाकतो, तसाच काचेत. तुझं काही चुकलं नाही. कपाळ असतं त्याच्या अलीकडं दिसतं."

"मग नेम लांबचा धर," मामा म्हणाले. मामा म्हणजे आत्याचे यजमान, फौजेतून आलेले. त्यांनी ट्रंकेतला चष्मा काढून तिला चढवायला लावला आणि स्वतःच कपाळ पुढं करून ताठ बसले. पहिलं कुंकू हवेत राहिलं, दुसरं नाकावर. दिवस मावळेपर्यंत मामा लालभडक झाले.

अंगणात बसलो तेव्हा मला आणखी चेव आला. "सूर्याच्या ओढीनं चांदणीचा उजेडही वाकतो, आत्या. ग्रहणात बघितलंय लोकांनी."

"म्हंजे चांदणीबी दिसती तितं नसती?"

"तेव्हा जरा बाजूला असते."

"बरं हाय, तिला कुंकू लावायचं न्हाई," आत्या म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली, असं मामांनी मला नंतर सांगितलं.

सकाळी निघताना तिनं चष्मा चढवला आणि करंडा उघडला. बोट कपाळापुढं हवेत थांबलं. "अजून पुढं हायस तू," असं पुटपुटत तिनं टेकवलं. साताऱ्याला घरी पोचून आरशात बघितलं, तर कुंकू डाव्या भुवईवर. मी ते तसंच राहू दिलं. बाबांनी विचारलं, "समजवलीस?" मी म्हटलं, "लग्नात कळेल."

मंगलच्या पाठवणीला ओटी आत्यानंच भरली. चष्म्याआड तिचे डोळे भरून आले होते, म्हणजे उजेड आधी काचेत वाकला असणार आणि मग पाण्यात. कुंकू मात्र बरोब्बर मधोमध लागलं.