पेटीतलं तोंड

ती घटना आठवली की आजही माशांच्या काचेच्या पेटीसमोर फार वेळ उभं राहवत नाही. सत्तरच्या दशकात मी सोनपेठला फौजदार होतो. गुप्तधनासाठी पोरं बळी देतात, या अफवेने तेव्हा लोक धास्तावले होते. अशात आठवडी बाजारातून एका मजूर बाईची लहान मुलगी नाहीशी झाली. आई ठाण्याच्या ओट्यावर बसून होती.

दुपारी एक दूधवाली धापा टाकत आली. "सायब, बाजारामागच्या घरात खिडकीच्या गोणपाटाच्या फटीतनं बघितलं, काचंच्या पेटीत लेकराचं तोंड हाय. पाण्यात. माझ्याकडं बघून हासलं."

पंच घेऊन आम्ही निघालो. मागून काठ्या घेतलेला जमाव. घरमालक पूर्वी जहाजावर नोकरीला होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या हाताला रक्ताळलेलं फडकं होतं.

"हाताला काय झालं?"

"मासा डसला."

सोबतचा जमादार हसला. मी आतल्या खोलीची किल्ली मागितली.

"सायब, मला ठाण्यात घिऊन चला. खोली नका उघडू."

तेवढ्यात आतून अंगाईचे सूर आले.

"आत कोण?"

"बायको."

"तुम्हाला मूलबाळ?"

"एक व्हतं. गेलं."

"मग ती अंगाई कुणाला म्हणते?"

त्याने किल्ली पुढे केली.

खिडक्यांना गोणपाट लावलेलं. एका बल्बच्या उजेडात पाण्याची पेटी, समोर त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर हरवलेली मुलगी, सुखरूप. काचेला आतून एक पांढुरकं तोंड चिकटलं होतं. दोन बारीक डोळे, वाकडं हसू, उघडमीट करणारे ओठ. मग ते तोंड सावकाश उलटलं आणि तपकिरी, ठिपक्यांची चपटी पाठ दिसली. तो गोड्या पाण्यातला लहान पाकट मासा होता, शेपटीला काटा असलेला. आम्ही डोळे समजलो त्या त्याच्या पोटाकडच्या नाकपुड्या होत्या. घरमालकाच्या जुन्या सोबत्याने जहाजावरून आणून दिलेला तो मासा, मूल गेल्यापासून बाईला आपलं लेकरू वाटत होता.

"हळू," ती म्हणाली. "त्याला एकट्याला करमंना, म्हून हिला आणलं."

मी मुलीच्या आईला बोलावून घेतलं. ती किंचाळेल आणि बाहेरचा जमाव आत घुसेल, ही भीती होती. तिने पेटीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि मुलीला उचललं.

"उद्या आणताल का हिला?" बाईने विचारलं.

"आणते, माय," आई म्हणाली.

मग तीच दारात गेली. "काठ्या टाका. माझी लेक सापडली," एवढंच म्हणाली. लोक पांगले. जबाबातही तिने तक्रार दिली नाही.

पुढे नवऱ्याने बायकोला उपचाराला नेलं. ती बरी झाली की नाही, मला कळलं नाही. बंद दार उघडवणं मी नोकरीत शिकलो होतो. उघडलेल्या दारातून आत गेल्यावर कसं वागावं, ते त्या मजूर बाईने शिकवलं.